आप्पांना ऐकू जाईल अशी गिटार

नरसिंहाला धातूची वस्तू दिसली की तिला टिचकी मारल्याशिवाय राहवत नसे. चिकपेटेत भांड्यांचं दुकान, तेही पणजोबांपासूनचं, म्हटल्यावर ही खोड रक्तातच आलेली. हंडा असो, परात असो, बँकेच्या काउंटरची जाळी असो, टिचकी मारायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. एकदा त्यानं सासऱ्यांच्या नव्या कोऱ्या स्कूटरलाही टिचकी मारली होती आणि "पत्रा पातळ आहे" असं सांगून सहा महिन्यांचा अबोला ओढवून घेतला होता. त्यामुळे १९९४ च्या एप्रिलात, व्हाइटफील्डच्या एका बंगलीत, भिंतीवर टांगलेली पत्र्याची गिटार दिसल्यावर त्यानं काय केलं हे सांगायला नको.

गिटार बराच वेळ घुमत राहिली. नरसिंह तिथंच खिळला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, कारण ते आले होते जुनी भांडी उचलायला. डोरोथी आंटी घरदार आवरून मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाल्या होत्या आणि त्यांचा तांब्याचा बंब, पितळी डेगी, घंगाळी अशी सगळी मोड नरसिंह घेणार होता.

"ते भांडं नाही, नरसिंग," आंटी दारातून म्हणाल्या. त्यांची हिंदी कंटोन्मेंटची होती, पण तिच्यात धाक भरपूर होता. "ते काट्यावर चढणार नाही."

"माहीत आहे, आंटी. मी वाजवतो गिटार. मांडीवर आडवी घेऊन, लोखंडी कांडीनं."

आंटींनी त्याच्या हिरवट काळ्या बोटांकडे पाहिलं. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. पण कौतुक मात्र वाटलं असावं, कारण त्यांनी पलंगाखालून आणखी दोन गिटारी ओढून काढल्या. आंटींचे दिवंगत साहेब बँडमध्ये होते. माइक नव्हते त्या काळात, नाचणाऱ्यांच्या गोंगाटातही ऐकू जावी म्हणून पोटात पत्र्याच्या वाट्या बसवलेल्या गिटारी निघाल्या, त्या साहेबांनी हौसेनं जमवल्या होत्या. वीज नको, माइक नको, तरी आवाज चौपट.

"वीज नको?" नरसिंहानं दोनदा विचारलं.

"नको. आठ दिवस घरी ने. भांड्यांना चांगला भाव दे, त्यावर यातली कुठलीही एक ठेव. उरलेल्या दोन आणून दे, चर्चच्या मुलांना देईन."

जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका त्यानं आयुष्यभर पाहिल्या होत्या. भांड्यांवर गिटार देणारी बाई पहिल्यांदाच भेटली. नरसिंहानं होकार दिला आणि तिन्ही गिटारी टेम्पोत पुढं, स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला. बंब मागं गडगडत आला.

वीज नको, या दोन शब्दांवर तो एवढा का भाळला ते सांगायला हवं. बसवनगुडीत, कन्नड मुलखात स्थिरावलेल्या या मराठी मंडळींचं विठोबाचं देऊळ आहे, आणि तिथं दर शनिवारी भजन होतं. देवळात माइक लावायचा नाही, असा मूळ पुरुषांनी नियम घालून ठेवलेला. देवाला ऐकू येतं, त्याला कर्णा कशाला, असं त्यांचं म्हणणं. देवाला येत असेल. पण वीस जोड्या टाळ आणि फत्तेसिंगाचा पखवाज यांच्या मधोमध नरसिंह बावीस वर्षं जी साधी हवाईयन गिटार वाजवत होता, ती त्याच्या स्वतःच्या मांडीखेरीज कुणालाही पोचली नव्हती. तो आला नाही तर फरक पडत नसे आणि आला तरी पडत नसे. याचं त्याला फार वाईट वाटत नव्हतं, निदान तो तसं म्हणत असे.

वाईट वाटत होतं ते आप्पांचं. त्याचे वडील आप्पाजी या देवळाचे वीणेकरी. गळ्यात वीणा अडकवून मधोमध उभं राहायचं आणि रामनवमीच्या संध्याकाळी भूपातला एक अभंग एकट्यानं म्हणायचा, हा चाळीस वर्षांचा मान. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आप्पांच्या कानांनी दगा दिला. मागच्या रामनवमीला अभंग भूपात सुरू झाला आणि दुसऱ्याच चरणाला देशोधडीला लागला. पोरं खाली मान घालून हसली. आप्पांना हसू ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यांनी वीणा खुंटीला लावली आणि त्या दिवसापासून खांबाला टेकून नुसते बसू लागले. खिशात ठेवायचं कानाचं यंत्र आणलं, तर ते म्हणाले, "यात सगळे एकदम ओरडतात," आणि ते कपाटात गेलं.

आता रामनवमी आठ दिवसांवर आली होती. टाळांच्या वरताण असा एक पक्का सूर आप्पांच्या कानात पोचवता आला तर ते पुन्हा गातील, एवढंच नरसिंहाच्या डोक्यात होतं. आप्पांना तो यातलं काही बोलला नाही. बोलला असता तर ते ताडकन उठून गेले असते. गिटारीला ते "इंग्रजांचं खेळणं" म्हणत आणि घरात वाजवू देत नसत. बावीस वर्षं नरसिंहानं सराव केला तो दुकानामागच्या गोदामात, घागरींच्या रांगांपुढं.

"गोदामात उंदीर झालेत," त्यानं घरी आल्यावर ठोकून दिलं. "आठ दिवस यांना इथंच ठेवतो."

त्याची बायको कस्तुराबाई हिनं तिन्ही गिटारींकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. "उंदरांना वाचवलंत म्हणायचं," ती म्हणाली.

तिन्हींचा घाट निराळा होता. पहिली, भिंतीवरची, अंगानं सगळी धातूची आणि काळवंडलेली. तिच्या पोटात तीन लहान वाट्या. आवाज असा गोड आणि लांबणारा की नरसिंहानं पहिल्या दिवशी एकच सूर वीस वेळा लावला. दुसरीही धातूचीच, पण पोटात एकच मोठी वाटी. ती बोलायची थोडं, पण ठणकावून. तिसरी लाकडाची. वर भोकाभोकांचं एक जस्ती झाकण, बाकी रंग उडालेला, एका कोपऱ्याला टवका गेलेला, आणि आवाज सर्दी झालेल्या माणसाचा. नरसिंहाचं मन पहिलीवर जडलं होतं. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी माणूस प्रेमात पडला की चारचौघांत लपत नाही. तो दुकानात बसल्या बसल्या गुणगुणू लागला.

सोमवारी संध्याकाळी फत्तेसिंग आला. तो भजनी मंडळाचा म्होरक्या, आणि त्याच्या पखवाजाच्या थापेनं एकदा देवळातली समई विझली होती. त्यानं तिन्ही गिटारी ऐकल्या आणि दुसरीवर बोट ठेवलं.

"हीच अण्णा. बाकीच्या दोन माझ्या पखवाजाखाली चेंगरून मरतील. ही मात्र भांडेल."

"तू स्वल्प हळू वाजवलास तर?"

फत्तेसिंगानं असं पाहिलं, जणू त्याला मिशी काढायला सांगितली होती.

आप्पा पलीकडच्या खुर्चीवर बसून हे बघत होते. नरसिंहानं त्यांच्याकडे तोंड करून दुसरी गिटार जोरात वाजवली. फत्तेसिंगानं कानावर हात ठेवले.

"आप्पा, काही ऐकू येतंय?"

"शेजारी कुणाची भांडी पडली बघ," आप्पा म्हणाले.

मग पहिली. मग तिसरी. आप्पांनी पेपर उघडला. मंगळवारी पुन्हा तेच. नरसिंह खुर्चीच्या डावीकडे बसला, उजवीकडे बसला, अगदी पायाशी बसला. आप्पा म्हणाले, "मांडी मोडून घेशील." त्या रात्री नरसिंह जेवला नाही. कस्तुराबाईनं काय झालं विचारलं, तेव्हा त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. तिनं ताट पुन्हा त्याच्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "सरी, ठीक आहे. अजून पाच दिवस आहेत."

बुधवारी दुपारी तो जेवायला घरी आला आणि मागच्या दारी थबकला. घासलेल्या भांड्यांच्या फळीवर कढई पालथी होती, तिच्याशेजारी पातेलं पालथं होतं, आणि त्याच्याशेजारी त्याची लाडकी गिटार पालथी होती. तिच्या भोकांतून पाणी ठिबकत होतं.

"कस्तुरा!"

"अय्यो, ओरडता कशाला? देवाच्या समया चिंचेनं घासत होते. म्हटलं ही बिचारी किती काळी पडलीये, हिलाही हात फिरवू. तुमचा जीव आहे ना तिच्यावर."

तिनं ती चिंच लावून घासली होती, रांगोळीनं पुन्हा घासली होती आणि नळाखाली धरून खळखळून धुतली होती. भांडी विकणाऱ्याच्या घरात काळी पडलेली धातूची वस्तू दिसल्यावर बाई दुसरं काय करणार? पुढची बाजू लखलखत होती. मागं मात्र हातभर पांढरट डाग पडला होता. नरसिंहाला रडावं की हसावं कळेना. तो पायरीवर बसला.

त्याच्या दुकानात गल्ल्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये पाटी होती: हातून पोचा पडला तर भांडं तुमचं. पणजोबांच्या काळापासून त्या पाटीवर कुणाला सूट नव्हती. म्हणजे ही गिटार आता त्याची झाली. ठेवायची एकच होती आणि ती ठरली. आपल्याला हीच हवी होती, हे आठवून त्याच्या मनात चोरटा आनंद झाला आणि त्या आनंदाची त्याला लगेच लाजही वाटली. आप्पांचं तर काहीच जमलं नव्हतं.

आतलं पाणी काढायला झाकण उघडणं भाग होतं. स्क्रू निघाले, झाकण निघालं, आणि एवढा वेळ लांबून तमाशा बघणारे आप्पा उठून आले.

"अरे, या तर वाट्या!" ते मोठ्यानं म्हणाले. ते आता सगळंच मोठ्यानं बोलत. "पालथ्या! काय पातळ उतरवल्यात रे! कुणी केलं हे काम?"

वर्षभरात त्यांनी एका दमात एवढे शब्द उच्चारले नव्हते. त्यांनी खाली बसून वाट्या पुसल्या, बोटानं त्यांचा काठ पारखला आणि मग दुसऱ्या दोघींचीही झाकणं उघडायला लावली. ठणकावणाऱ्या गिटारीत एक मोठी पालथी वाटी होती. लाकडाच्या गिटारीत मात्र वाटी उताणी होती, आणि तिच्यावर आठ पायांची एक धातूची घोडी कोळ्यासारखी पसरली होती. आप्पांना ती फार आवडली. इंग्रजांचं खेळणं आतून आपल्याच धंद्यातलं निघालं होतं.

झाकणं पुन्हा बसली. लाकडाच्या गिटारीचं झाकण नीट बसलं का, हे बघायला नरसिंहानं ती तिथंच फरशीवर मांडीवर घेतली आणि षड्ज लावला. आप्पा कोळी दिसतो का म्हणून तिच्यावर वाकून उभे होते. ते तसेच राहिले.

"परत," ते म्हणाले.

नरसिंहानं परत लावला.

"परत वाजव. थांबू नकोस."

नरसिंहाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मांडीवरच्या गिटारीचं तोंड छताकडे असतं! सगळा आवाज सरळ वर जात होता आणि हा मूर्ख दोन दिवस बापाला खुर्चीत बसवून आढ्याला भजन ऐकवत होता. आणि वीणेकरी तर उभाच असतो.

आप्पांनी उभ्या उभ्याच तिघींची परीक्षा घेतली. ठणकावणारी ऐकून म्हणाले, "ही ओरडते आणि गप्प होते. सूर धरायला जावं तर हाती काही नाही." चिंचेनं घासलेली वाजली तेव्हा त्यांनी बराच वेळ मान हलवली नाही. "गोड असेल. मला सुरुवात कळते. पुढचं तुम्ही लोक ऐकत असाल." मग पुन्हा लाकडाची. "ही नाकात बोलते. पण जागेवर उभी राहते."

आणि त्यांनी डोळे मिटून भूपाची पहिली ओळ गुणगुणली. सूर जिथं असायला हवा तिथं होता. स्वयंपाकघरात कस्तुराबाईनं नळ बंद केला. आप्पा जणू काही झालंच नाही असे चष्मा शोधायला आत गेले.

आता खरी पंचाईत झाली. पाटीप्रमाणे घासलेली गिटार घ्यायलाच हवी होती, मनालाही तीच हवी होती, आणि आप्पांना लागत होती टवका गेलेली. गुरुवारी दिवसभर नरसिंह गल्ल्यावर बसून पाटीकडे बघत राहिला. दोनदा गिऱ्हाइकाला वाटीऐवजी तांब्या दिला. गप्प बसून लाकडाची ठेवावी आणि डाग पडलेली कापडात गुंडाळून परत करावी, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. आंटी तर चार दिवसांत समुद्रापार जाणार होत्या. पण पणजोबांची पाटी डोक्यावर असताना असला विचार फार वेळ टिकत नाही.

शुक्रवारी तो तिन्ही गिटारी घेऊन व्हाइटफील्डला गेला. बंगली रिकामी झाली होती. आंटी एका ट्रंकेवर बसून चहा पीत होत्या.

"आंटी, माझ्या घरात ही खराब झाली," तो उभ्यानंच म्हणाला. "माझ्या दुकानाच्या नियमानं ती माझी झाली. आता माझी वस्तू मी तुम्हाला देतो आणि तिच्या बदल्यात ही लाकडाची मागतो. वडिलांना ऐकू येत नाही. हिचं येतं."

"म्हणजे माझी गिटार बिघडवलीस आणि मलाच भेट देतोस?"

असं मांडल्यावर ते फार वाईट दिसत होतं. "हो," नरसिंह म्हणाला.

आंटींनी कापड बाजूला केलं. मागचा डाग पाहिला, नाक मुरडलं, गिटार उलटली. आणि त्यांचा चहाचा कप तसाच हवेत राहिला. काळ्या थराखालून कडेकडेनं कोरलेली फुलांची वेल उजळून निघाली होती. नरसिंहाला ती बुधवारपासून दिसत होती, त्यात विशेष काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

"ही फुलं झिजून गेली असं मला वाटत होतं," आंटी म्हणाल्या. "माझा नवरा दर रविवारी पुसायचा. तो गेल्यावर मी कधी हात लावला नाही." त्यांनी वेलीवरून बोट फिरवलं. "कशानं घासली?"

"चिंचेनं."

"चिंच?" त्या हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "ही मी चर्चला देत नाही. माझ्याबरोबर नेते. तुझी लाकडाची घेऊन जा, आणि तुझ्या बायकोला सांग, मागची बाजू तिनं जरा कमी घासायला हवी होती."

निघताना नरसिंहानं त्या फुलांच्या गिटारीला शेवटची टिचकी मारली. ती घुमत राहिली तोवर तो थांबला. फाटकापर्यंत जाताना त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं, हे कबूल करायला हवं.

रामनवमीला देवळात गुळाच्या पानकाची पिंपं भरली होती आणि भिजल्या डाळीच्या कोसंबरीचा वास सुटला होता. नरसिंह मधोमध बसला, मांडीवर लाकडाची गिटार. आप्पा नेहमीच्या खांबाकडे निघाले होते. कस्तुराबाईनं खुंटीवरची वीणा काढून त्यांच्यापुढं धरली. आप्पांनी वीणेकडे पाहिलं, मुलाच्या मांडीवरच्या गिटारीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. त्यांचा चेहरा रागाचा होतो की काय असं नरसिंहाला क्षणभर वाटलं. मग त्यांनी मान वाकवली आणि वीणा गळ्यात घालून घेतली.

ते येऊन नरसिंहाच्या अगदी डोक्यावर उभे राहिले. त्यानं षड्ज लावला. पहिला चरण डळमळला. मागची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. नरसिंहानं कांडी हलवली नाही, सूर तसाच धरून ठेवला. आप्पा आणखी थोडे वाकले, इतके की वीणा त्याच्या कानाला लागली. आणि मग त्यांना सूर सापडला. दुसरा चरण सरळ निघाला, नरसिंहाची कांडीही आता त्यांच्या सुरांमागून सरकू लागली, तिसरा वर चढला, आणि तेव्हा एक गोष्ट घडली जी त्या देवळात कुणी पाहिली नव्हती. फत्तेसिंगानं पखवाज हळू केला. कुणी न सांगता टाळही उतरले. चाळीस वर्षं गायलेला अभंग आप्पा गात होते, आणि त्याखाली नाकात बोलणारी एक गिटार देवळाच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जात होती.

अभंग संपला. कोणी काही म्हणायच्या आत आप्पांनी खाली पाहिलं आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "नरसू, तुझा गांधार उतरतोय! किती वर्षं असाच वाजवतोयस?"

"बावीस," नरसिंह म्हणाला. मग आठवण होऊन त्यानं तेच मोठ्यानं सांगितलं.

"बावीस वर्षं! आणि तुला कुणी सांगितलं नाही?"

फत्तेसिंग छताकडे बघू लागला. कोण सांगणार होतं? कुणाला ऐकू आलं होतं?

"उद्या दुकान उघडायच्या आधी ती घेऊन माझ्यापुढं बस," आप्पा म्हणाले. "घरात. गोदामात नाही."

अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाप्याला चारचौघांत झालेली ही शोभा. पोरं आता उघड उघड हसत होती. नरसिंहानं मान खाली घालून गिटारीचं झाकण धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतलं, कारण त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. कस्तुराबाईनं पानकाचा पेला आणून त्याच्या हातात दिला. तो त्यानं एका घोटात संपवला आणि दुसरा मागितला.